हरिश्चंद्रगडाची पुस्तिका हाताने काढताना या चुका टाळा

हरिश्चंद्रगडाची वाटपुस्तिका हाताने काढायला बसले की पहिली पाने हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराला, केदारेश्वराच्या गुहेतील पाण्यात उभ्या असलेल्या शिवलिंगाला आणि कोकणकड्याला दिली जातात. हे स्वाभाविक आहे, कारण याच तीन गोष्टींसाठी लोक पाठीवर सॅक घेऊन एसटीने खिरेश्वरला किंवा पाचनईला येतात. परंतु मंदिरापाशी पोहोचलेला माणूस मंदिर ओळखतोच. त्याला चित्राची खरी गरज त्याआधी, खिरेश्वरच्या वाटेवरील तोलार खिंडीत असते. तेथे एक वाट कोथळ्याकडे उतरते आणि दुसरी कातळावरून गडाकडे चढते. खिंडीतले वाघाचे शिल्प ठळक काढून, त्याच्यासमोर उभे राहिल्यावर कोणती वाट कोणत्या हाताला येते हे दाखवणारे चित्र मंदिराच्या कितीही देखण्या चित्रापेक्षा मोलाचे आहे. रेलिंगचा कातळटप्पा संपल्यावर लागणाऱ्या टेकड्यांविषयीही हेच म्हणता येईल, कारण धुक्यात त्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि वाट चुकण्याचा धोका तेथेच अधिक असतो. म्हणून आधी वाटा फुटणाऱ्या जागांची यादी करावी, त्यांना पाने वाटून द्यावीत आणि उरलेल्या पानांवर सौंदर्य काढावे.

नकाशातील चुका

संपूर्ण गडाचा एकच नकाशा काढून त्यात वर उत्तर दिशा दाखवली की काम झाले, असा समज असतो. पाचनई गडाच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तेथून निघालेल्या वाटसरूला अशा नकाशात पानाच्या वरून खाली चालावे लागते, आणि दमलेल्या अवस्थेत डावे-उजवे उलटे होते. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र पट्टीनकाशा: सुरुवातीचे गाव पानाच्या तळाशी, चालण्याची दिशा वरच्या बाजूला, आणि प्रत्येक पट्टीवर उत्तरेचा बाण वेगळा.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. पाचनईची वाट, खिरेश्वरची वाट आणि मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट या तिन्ही एकाच जाडीच्या तुटक रेषेने काढल्या की नवख्या माणसाला त्या सारख्याच वाटतात, आणि त्यात नळीची वाट कागदावर सर्वांत जवळची दिसते. प्रत्यक्षात ती अनुभवी मंडळींनी जाणकार वाटाड्यासह, दोर व साधने घेऊन करायची चढाई आहे. माझे मत विचाराल तर नवख्यांसाठीच्या पुस्तिकेत तिची रेषा मुळीच काढू नये. का काढली नाही, हे दोन ओळींत लिहावे.

प्रमाण लिहितानाही एक फसगत होते. '१ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर' असे शब्दांत लिहिले आणि झेरॉक्स करताना नकाशा लहान केला, तर ते वाक्य तत्क्षणी खोटे ठरते. त्याऐवजी नकाशातच मोजपट्टी काढावी, म्हणजे ती नकाशाबरोबर लहान-मोठी होते. तरीही चढाच्या वाटेवर केवळ अंतर पुरेसे नसते. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, हा १८९२ पासून वापरात असलेला, स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा ठोकताळा आहे. जड सॅक आणि निसरडा कातळ यांचा वेळ त्यात धरलेला नसतो, म्हणून प्रत्यक्ष चालून पाहिलेला वेळच छापावा.

मूळ चित्र सुंदर, प्रत मात्र काळवंडलेली

ए४ आकारात काढलेले चित्र ए६ च्या खिशातल्या पुस्तिकेत निम्म्या लांबी-रुंदीचे होते. ०.३ मिलिमीटरची रेषा ०.१५ ची होते आणि काही ठिकाणी तुटते. जवळजवळ मारलेल्या तिरक्या रेघांचा काळा ठिपका होतो. म्हणून मूळ चित्रात रेघा मोकळ्या ठेवाव्यात आणि अक्षरे १६ पॉइंटपेक्षा लहान लिहू नयेत, म्हणजे प्रतीत ती निदान ८ पॉइंटची उरतील. पेन्सिलीची छटा आणि पातळ जलरंग काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये डागांसारखे उतरतात, त्यामुळे कड्याची सावली शाईच्या रेघांनीच दाखवावी. वाट केवळ लाल रंगाने दाखवू नये, कारण हेडटॉर्चच्या लाल प्रकाशात ती पांढऱ्या कागदावर जवळजवळ नाहीशी होते.

शाई निवडताना पावसाळा डोळ्यांसमोर असावा. साधी फाउंटन पेनची शाई आणि बहुतेक घरगुती इंकजेट छपाई पाण्याने पसरते. पिगमेंटची जलरोधक शाई आणि लेझर छपाई टिकते. लेझर छपाईचा थर मात्र घडीवर तडकतो, म्हणून तोलार खिंडीसारखी महत्त्वाची जागा घडीवर येऊ देऊ नये.

कागद आणि शिलाई

जलरंगासाठीचा ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद पुस्तिकेच्या आत वापरला की ती मिटतच नाही. आतल्या पानांना ९० ते १२० पुरे. हातकागद मुखपृष्ठाला शोभतो, पण त्यावर शाई फुटते का हे तुकड्यावर आधी पाहावे. यंत्रकागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर असावी, नाहीतर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो आणि पुस्तिका उघडीच राहते. मध्यशिलाईच्या, म्हणजे मधल्या घडीवर शिवलेल्या पुस्तिकेत पाने चारच्या पटीतच येतात. ए४ च्या एका पाठपोट कागदातून ए६ ची ८ पाने मिळतात, म्हणून १६ पानांना दोन कागद लागतात. पानांचा क्रम कोऱ्या कागदाला घड्या घालून, त्यावर आकडे लिहूनच ठरवावा; मनातल्या हिशेबाने ठरवलेला क्रम हमखास उलटतो. स्टेपलच्या पिना पावसात गंजतात, म्हणून तीन छिद्रांतून मेणवलेला दोरा ओवावा.

जी माहिती बदलते

पाण्याची ठिकाणे, शेवटची एसटी, गावातली जेवणाची सोय ही माहिती चित्रात कोरून ठेवली की एका हंगामात पुस्तिका जुनी होते. पाण्याच्या प्रत्येक खुणेशेजारी पाहणीचा महिना व वर्ष लिहावे, कारण ऑक्टोबरमध्ये भरलेले टाके मे महिन्यात कोरडे असू शकते. बदलणारी माहिती वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मागच्या पानाच्या खिशात ठेवली तर तेवढीच चिठ्ठी बदलता येते. गावकऱ्याचा फोन नंबर त्याला विचारल्याशिवाय छापू नये. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे शेकोटी आणि कचरा यांविषयीची सूचना शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात न दडवता पहिल्या पट्टीनकाशावरच असावी.

छपाईआधी एक प्रत गडावर कधीही न गेलेल्या माणसाच्या हाती द्यावी आणि आपण मागे राहून, न बोलता चालावे. तो चुकीच्या वाटेला लागला तरच थांबवावे. तो जेथे थबकतो, पान उलटसुलट करतो, ती जागा टिपून घ्यावी आणि तिचे चित्र मोठे करावे. पाने वाढवायची तर थेट चार वाढतात, म्हणून जागा कमी पडल्यास मंदिराच्या चित्राचे अर्धे पान त्या जागेला द्यावे.