नवतपा निभावणारी पाणपोई

उन्हाळ्यात चौकात गार पाणी मिळावं, एवढीच नागपूरकरांची साधी मागणी. पाणपोया लागतातही, पण बऱ्याचशा उद्घाटनाचा हार सुकायच्या आत कोरड्या पडतात. खरी गरज असते नवतपात, २५ मेनंतरच्या नऊ दिवसांत. तिथवर टिकवायची असेल तर आधी पाणी भरणारा माणूस ठरवा, रांजण नंतर. शेजारचा पानठेलेवाला चालेल, पण रोजी ठरवून. उत्साही मंडळींची आळीपाळी आठवडाभरात मोडते.

जागा अशी हवी की पश्चिमेचं ऊन अडेल, वारा अडणार नाही. रांजणाच्या अंगाला झिरपलेलं पाणी वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं गार होतं. चारही बाजूंनी फ्लेक्स गुंडाळलेल्या मांडवात ते कोमटच राहतं. पश्चिमेला हिरवी जाळी किंवा बांबूची ताटी बांधा, बाकी बाजू मोकळ्या सोडा. फुटपाथवर मांडणार असाल तर महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्या. शहरात झोन दहा आहेत, आपला चौक कोणत्या झोनमध्ये येतो ते आधी बघा.

४० लिटरचे तीन रांजण घ्या. बोटाने वाजवून पाहा: ठणठण वाजला तर चांगला, बद्द आवाज आला तर तडा आहे. नवा रांजण दिवसभर पाण्याने भरून ठेवा, मातीचा वास जाईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदला. दात्याचं नाव ऑइल पेंटने रांजणावर मुळीच रंगवू नका. रंगाने छिद्रं बुजतात आणि रांजण नुसती टाकी होऊन बसतो. नाव पाटीवर लिहा. बोअरच्या जड पाण्यानेही तेच होतं, बाहेर पांढरा थर धरतो. नळाचंच पाणी भरा.

तोटी बुडापासून तीन बोटं वर बसवा, म्हणजे गाळ खालीच राहतो. तोटीखाली दीड फूट मोकळं ठेवा. हल्ली ग्लासापेक्षा बाटल्याच जास्त भरल्या जातात, आणि तिवई बुटकी असली की लोक रांजणच वाकवायला जातात.

२०० मिलीच्या ग्लासाने १२० लिटरमध्ये ६०० ग्लास होतात, वर्दळीच्या चौकात ते दुपारीच संपतात. म्हणून तिन्ही रात्रीच भरून ठेवा, आणि दिवसा एकेकच चालू करा. चालू रांजणाच्या झाकणावर ग्लास उपडा ठेवा, खूण म्हणून. तो रांजण रिकामा झाला की भरा आणि चार-पाच तास हात लावू नका. अर्धा रिकामा असताना वरून ओतलं की सगळंच कोमट होतं. नेमकी हीच चूक सगळीकडे होते.

सांडलेल्या पाण्यासाठी खाली फूटभर खड्डा करून त्यात गिट्टी भरा, नाहीतर चिखल होतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक रांजण पूर्ण रिकामा करून नारळाच्या काथ्याने घासा. साबण नको, तो मातीत मुरतो आणि पाण्याला त्याची चव येते. हे टाळलंत तर आत शेवाळ धरतं, आणि झाकण सैल असेल तर डासांच्या अळ्याही.

जूनच्या मध्यात पाऊस लागला, हवा दमट झाली की रांजण पाणी गार करेनासा होतो. तेव्हा पाणपोई उचला. पुढच्या वर्षी रांजण नवेच आणा, जुन्यात तुळस लावा.