आगळाच्या बाटलीचा व्हिडिओ: घरच्या टीव्ही-मॉनिटरचा लाइटिंग रिग कसा बनवायचा

कोकणात घरोघरी आगळ (कोकमाचा दाट रस), कोकम सरबत, करवंदाचं सिरप बनतं, आगोटीच्या आधी रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडून फोडून बायकांचे हात लाल होतात, आणि मग त्याच मालाचा व्हिडिओ इन्स्टावर बघितला तर बाटलीवर खिडकीचे गज, ट्यूबलाइटची पांढरी रेघ आणि मोबाइल धरलेला माणूस. आगळाचा गडद लाल रंग कुठेच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण उपाय बऱ्याचदा घरातच असतो. टीव्ही, जुना मॉनिटर, टॅब, हे सगळे लाइटच आहेत, आणि असे लाइट की ज्यांचा आकार, रंग, कडा सगळं आपण स्वतः आखू शकतो.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. काच चकचकीत असते, ती समोर जे असेल ते दाखवते. म्हणून किती वॅटचा लाइट लावू हा प्रश्नच नको, बाटलीला समोर काय दिसतंय ते बघा. बाटलीच्या जागी डोकं नेऊन चारी बाजूला नजर फिरवली की कळतं, जे तुम्हाला दिसतंय तेच काचेवर येणार.

खोली अंधारी हवी. जुनं कौलारू घर असेल तर माजघरासारखी दुसरी जागा नाही, फक्त काचेचं कौल असेल तर त्यावर गोणपाट टाका आणि दाराच्या फटी बुजवा. ट्यूब, बल्ब सगळं बंद. आजूबाजूला काळं कापड किंवा काळा कार्डशीट, आणि शूट करणाऱ्याने काळा शर्ट घालायचा, पांढरा शर्ट बाटलीत हमखास दिसतो.

स्क्रीन धरून ठेवणाऱ्या सांगाड्यासाठी रॅकचे भोकं असलेले लोखंडी अँगल बेस्ट, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, हवे तसे कापून जोडता येतात. बहुतेक मॉनिटरच्या मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात चार भोकं असतात, त्यात एम-४ स्क्रू बसतात, मध्ये प्लायची पट्टी घालून अँगलला कसायचं. टीव्हीची भोकं वेगळी असू शकतात, आधी मापून घ्या. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या आणि अँगलला रंग मारा, खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही. एक स्क्रीन डाव्या बाजूला उभा, एक उजवीकडे, दोन्ही बाटलीच्या जितके जवळ आणता येतील तितके जवळ पण कॅमेऱ्याच्या चौकटीत न येता, आणि टॅब मागे. स्क्रीन उभाच हवा कारण बाटली उभी आहे, आणि गोल काचेत रुंद स्क्रीनसुद्धा बारीक पट्टी होऊन दिसतो, जवळ आणला की पट्टी जाड होते. उभा केलेला टीव्ही जड पडतो, खाली विटा किंवा जांभ्याचा चिरा ठेवून तोल सांभाळा.

आता स्क्रीनचं सेटिंग, इथे घाई करू नका. ऑटो ब्राइटनेस, नाइट मोड, टीव्हीतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट सगळं बंद. ब्राइटनेस फुल्ल ठेवा आणि उजेड कमी हवा असेल तर चित्रच काळपट करा, कारण बरेच स्क्रीन ब्राइटनेस कमी केला की बॅकलाइट भराभर चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत पट्टे सरकतात. स्क्रीन ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) असेल तर कॅमेऱ्यात सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६० सेकंद. सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ मिळत असेल तर २५ फ्रेम आणि १/५०. स्लोमोशन मात्र या उजेडात टाळाच. मोबाइलवर शटर, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), फोकस, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं याचं सेटिंग) सगळं लॉक करायचं, ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप त्यासाठी चांगलं आहे. व्हाइट बॅलन्स ६५०० केल्विनपासून सुरू करा आणि बाटलीजवळ पांढरा कागद धरून जुळवा.

खरी मजा चित्रात आहे. पॉवरपॉइंटमध्ये काळी स्लाइड घ्या, त्यावर उभा पांढरा पट्टा काढा, त्याची एक कड कडक ठेवा आणि दुसरी ग्रेडियंटने काळ्यात विरघळू द्या. एवढ्यानेच बाटलीला गोलाई येते. ग्रेडियंटमध्ये पायऱ्या दिसल्या तर थोडा नॉइज म्हणजे बारीक दाणे मिसळा. मग हाच पट्टा हळू सरकणारा व्हिडिओ बनवून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लूपवर लावा, बाटली आणि कॅमेरा दोन्ही स्थिर आणि काचेवरून उजेड सरकतोय, बघताना अंगावर काटा येतो. दोन्ही स्क्रीन एकदम हलवू नका, एक हलता एक स्थिर, नाहीतर नजर कुठे ठेवावी कळत नाही.

मागच्या टॅबवर पूर्ण पांढरा स्क्रीन नको. कॅमेऱ्यातून बघत बाटलीच्या आकाराएवढाच, किंचित लहान, पांढरा ठिपका काढा, बाकी काळं, म्हणजे उजेड फक्त सरबतातून येतो आणि लाल रंग पेटतो. भरलेली बाटली भिंगासारखी असते, मागचं डावं-उजवं उलटं दाखवते, त्यामुळे ग्रेडियंट उलटा दिसला तर गोंधळू नका. टॅब फूट-दीड फूट मागे ठेवा, जवळ असला की पिक्सेल आणि लहरी दिसतात, जवळच हवा असेल तर मध्ये बटर पेपर. आगळ फार दाट असतं, त्यातून उजेड जातच नाही, पण म्हणून पाणी घालून शूट करू नका हो, घेणाऱ्याला जे मिळणार तेच दिसलं पाहिजे. अरुंद बाटली घ्या, किंवा ग्लासात धार सोडतानाचा शॉट घ्या, धारेतून रंग छान दिसतो.

लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) असेल तर काढा किंवा फिरवून बघा. एलसीडीचा उजेड आधीच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो, त्यामुळे मागचा स्क्रीन अचानक काळा पडतो आणि प्लास्टिकच्या बाटलीत इंद्रधनुष्यी पट्टे येतात.

लेबलचा रंग स्क्रीनच्या उजेडात थोडा बदलू शकतो, तेव्हा ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) असलेला छोटा एलईडी बटर पेपरमधून फक्त लेबलवर टाका, पण तोही बाटलीत कुठे दिसतोय का ते तपासून. आणि थंडगार दिसण्यासाठी फ्रिजमधली बाटली आणू नका, आपल्या दमट हवेत दोन मिनिटांत पाणी ओघळून लेबल भिजतं. ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं करून स्प्रे करा, थेंब जागचे हलत नाहीत. फक्त ती बाटली नंतर विकायला ठेवू नका.

लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा स्क्रीन यूपीएसवर घ्या. शूट झालं की बाटली, स्क्रीन, ट्रायपॉड सगळ्यांच्या जागा जमिनीवर टेपने आखा आणि चित्रांच्या फाइली बाटलीच्या मापाच्या नावाने सेव्ह करा, पुढच्या बॅचला ५०० मिलीची बाटली ठेवायची, ५०० ची फाइल लावायची आणि लगेच शूट सुरू.