बेल्ट किंचाळतोय? नवा आणण्याआधी पाण्याची बाटली घ्या

गाडी सुरू केली की बॉनेटखालून, एसी, पंप वगैरे फिरवणाऱ्या इंजिनाच्या रबरी बेल्टमधून, कुईंऽऽ असा आवाज येतो, आणि लगेच सल्ले सुरू होतात: बेल्टच बदलून टाक, साबण घास, मेण लाव, स्प्रे मार. यातलं एकही आधी करू नका. बेल्टवर स्प्रे मारला की आवाज चार दिवस बंद होतो खरा, पण त्या चिकट थरावर धूळ बसते, बेल्ट आणखी घसरायला लागतो आणि मुळात दोष काय होता हे शोधणं अवघड होऊन बसतं. मी असे बेल्ट पुष्कळ काढले आहेत. ते काळे, तेलकट बेल्ट हातात घेतले की आजही चीड येते.

आधी कान द्या. लांबलचक किंचाळी, जी थंड इंजिनाला, एसी लावल्यावर किंवा स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर वाढते, ती बहुधा बेल्ट घसरल्याची. थांबून-थांबून येणारी चीक-चीक, जी इंजिन आयडलला असताना स्पष्ट ऐकू येते आणि रेस वाढवल्यावर इंजिनाच्या आवाजात बुडते, ती बहुधा पुल्या (बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाकं) एका रेषेत नसल्याची. घरघर किंवा करकर आली तर संशय बेअरिंगवर.

आता बाटली. इंजिन आयडलला ठेवा. बाह्या, ओढणी, मोकळे केस, काहीही बेल्टच्या जवळ जाऊ देऊ नका. बेल्टच्या खाचा असलेल्या बाजूवर दुरून थोडं पाणी फवारा. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय: ताण कमी आहे, बेल्ट झिजलाय किंवा तेल-कुलंट लागलंय. आवाज काही क्षण थांबून पुन्हा आला तर पुली रेषेबाहेर आहे. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंग तपासा.

रेषेच्या या दोषाने मला सगळ्यात जास्त छळलं, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. एका गाडीचा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदलल्यावर चीक-चीक सुरू झाली. मी नवा बेल्ट टाकला. आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा हात आणि पुली) बदलला, आणखी एक बेल्ट टाकला, तरी तेच. शेवटी काढलेला बेल्ट उजेडात धरला तेव्हा दिसलं: एका बाजूची कड चकचकीत घासलेली आणि तिथून दोरे सुटलेले. अल्टरनेटर बसवताना माझ्याच हातून एक वॉशर ब्रॅकेटच्या चुकीच्या बाजूला गेला होता आणि पुली जेमतेम २ मिमी पुढे आली होती. तेवढ्याने दोन बेल्ट वाया गेले.

२ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दोन पुल्यांमध्ये ३०० मिमी अंतर असेल तर १.५ मिमीचा फरकही चिकचिकायला पुरतो, कारण बेल्टची प्रत्येक खाच पुलीत शिरताना तिरकी घासते. नव्या रबराची पकड जास्त असल्याने हा आवाज नव्या बेल्टवर कधी कधी आणखीच मोठा येतो, आणि माणूस बेल्टवाल्याला दोष देत बसतो.

तपासायचं असं. इंजिन बंद, किल्ली खिशात, इंजिन थंड. रेडिएटरचा पंखा गरम इंजिनावर आपोआप फिरू शकतो. स्टीलची सरळ पट्टी दोन पुल्यांवर आडवी धरा. इथे बहुतेक जण चुकतात: पट्टी पुलीच्या बाहेरच्या कडेला टेकवतात. प्रत्येक पुलीच्या कडेची जाडी वेगळी असू शकते, त्यामुळे मापही फसतं. माप खाचेपासून घ्या. पहिली खाच पट्टीपासून किती आत आहे ते दोन्ही पुल्यांवर मोजा आणि ताडून बघा. फरक सापडला तर अल्टरनेटरचे बोल्ट, वॉशर, ब्रॅकेट बघा. टेन्शनरच्या हातालाही हलवून बघा. त्याचा बुश, म्हणजे तो ज्यावर फिरतो ते आतलं नळकांडं, झिजला की पुली ताणाखाली वाकते. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, पुलीही विसरू नका. अनेक गाड्यांत तिच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं, ते सुटलं की बाहेरचं कडं डगमगतं. इंजिन चालू असताना दुरून टॉर्च मारला की ते डोळ्यांना दिसतं.

बेअरिंगचा संशय असेल तर बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. खडबडीत लागली, हलली, करकरली, तर ती बदला.

बेल्ट काढण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो घ्या. टेन्शनर पान्याने मागे ओढून धरायचा आणि बेल्ट वरच्या पुलीवरून सरकवायचा. टेन्शनर नसलेला ताणून बसवायचा बेल्ट स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, त्याचं वेगळं हत्यार मिळतं. आत्ताचे ईपीडीएम या कृत्रिम रबराचे बेल्ट जुन्यांसारखे तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा रुंद आणि सपाट झाल्या असतील तर एकही तडा नसला तरी बेल्ट बदला. तेल-कुलंटची गळती असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर नवा बेल्टही त्याच वाटेने जाईल. पुल्यांच्या खाचा कोरड्या ब्रशने साफ करा, तिथे तेल लावू नका.

नवा बेल्ट बसवून झाला की प्रत्येक पुलीवर बोट फिरवा. एखादी खाच बाहेर राहिलेली बोटाला लगेच कळते. मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन फेरे फिरवा आणि पुन्हा बघा.

ताण हाताने लावायचा असेल तर लांब भागाच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण १० मिमी खाली गेला पाहिजे. गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच माना. आवाज बंद व्हावा म्हणून बेल्ट कडक ओढू नका, अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंग त्याने जातात. असा हाताने ताणलेला नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैल पडतो. आठवड्याने, थंड इंजिनावर, पुन्हा एकदा अंगठा लावून बघा.