मृगापासून मेपर्यंत: गावातल्या कलाकेंद्राची तयारीची यादी

सिंधुदुर्गातल्या कुडाळ, पिंगुळी, सावंतवाडी या पट्ट्यात लहानसं कलाकेंद्र चालवणाऱ्याने वर्षाची यादी मृगाला लिहायला बसावं. तेव्हा पाहुणे तुरळक असतात आणि कारागीर संध्याकाळी तरी घरी सापडतात. वहीच्या डाव्या पानावर आधी त्यांच्या तारखा लिहायच्या. कोण लावणीला शेतात, कोणाच्या पडवीत गणपतीच्या मूर्ती घडवायची शाळा, कोणाचा नवरात्रात देवळात खेळ, कोण जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा, सूरजकुंड नाहीतर मुंबईच्या सरस मेळ्याला माल घेऊन जाणार, हे सगळं त्यात आलं. ते पान भरल्यावर उजवीकडे पाहुण्यांच्या तारखा. बऱ्याच केंद्रांत हे उलट होतं: आधी फेसबुकवर कार्यक्रम जाहीर होतो आणि मग माणूस शोधायला निघतात. पाहुणे दारात, लेथ (लाकडी खेळणी घडवायचं यंत्र) थंड आणि ते चालवणारे काका गावाला, असा प्रकार त्यातूनच होतो.

पावसाळ्यात पहिली काळजी सामानाची. चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायच्या, पोथ्या, चामड्याच्या बाहुल्या आणि वाद्यं हे तिन्ही सादळतात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं. पोथीत चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे दमट हवेत आधी कडा सुटतात आणि मग मधे बुरशी धरते. जुन्या पोथ्या सुती कापडात गुंडाळून लाकडी पेटीत, जमिनीपासून वर ठेवायच्या. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. चामड्याच्या बाहुल्या सपाटच राहिल्या पाहिजेत, एकदा वाकल्या की पडद्यावर त्यांची सावली वेडीवाकडी पडते. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्यायचं. कडक उन्हात चामडं आकसतं आणि रंग उडतो. हुडुक आणि मृदंग यांची कातडी पावसात सैल पडते, आवाज बसतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कुणी चित्रकथी ऐकायला येणार असेल तर कलाकाराला तासभर आधी बोलवा, वाद्य शेकून सुरात आणायला तेवढा वेळ लागतो. पाहुण्यांना हे आधी सांगितलं तर ते शेकणंही बघत बसतात, आणि माझ्या मते कार्यक्रमातला तो चांगलाच भाग असतो.

गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या गोल पानांचं, काम पावसात हाती घेऊ नये. चिंचोक्याची खळ लवकर आंबते, खडूचा थर वाळता वाळत नाही आणि न वाळलेल्या थरावर दगडाने घोटाई केली तर पान सोलून निघतं. त्याऐवजी हे दिवस कागदपत्रांचे. हस्तकला विभागाचं ओळखपत्र ज्यांचं संपत आलंय त्यांचं नूतनीकरण, बँकेचं केवायसी, आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाव राहिलं असेल तर ते. त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात कुंभार, टोपल्या विणणारे, बाहुल्या आणि खेळणी करणारेही येतात, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. मेळ्यांचे स्टॉल मिळवताना हे कागद मागतात, आणि जानेवारीत ते शोधत बसायला कुणाला सवड नसते.

आषाढ संपता संपता मातीकामाची एक शिबिराची तारीख धरायची, त्यापुढे नको. चतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत गणपतीच्या शाळेत पाय ठेवायला जागा नसते. घरोघरचे पाट आधीच येऊन भिंतीला टेकलेले असतात, प्रत्येकावर खडूने नाव, आणि त्या घराला गणपती कसा लागतो हे मूर्तिकाराच्या डोक्यात. त्या गर्दीत मुंबई-पुण्याची हौशी मंडळी 'मुलाला एक मूर्ती करू द्या ना' म्हणत शिरली तर मूर्तिकार नाही म्हणणार नाही, पण रात्री जागून भरपाई करील. म्हणून शिबिर आधी, आणि मूर्ती वीतभराच्या आतली. मोठी केली तर पावसाळी हवेत ती वेळेत वाळत नाही आणि रंग धरत नाही. मातीत पिंजलेला कापूस घालून ती आदल्या दिवशीच मळून ओल्या गोणपाटाखाली ठेवा. लहान मुलांच्या हाताला घट्ट माती आवरत नाही, त्यांच्यासाठी थोडी सैल वेगळी. चतुर्थीत केंद्र बंद ठेवावं, सरळ पाटी लावून. चाकरमानी आलेले असतात, प्रत्येकाच्या घरी माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), आरत्या, फुगड्या. त्या दिवसांत कामावर या म्हणणंच चुकीचं.

प्रवासाची माहिती पाहुण्यांना लेखी द्या. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, आणि कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरणारा माणूस नेहमीच्या वेळेच्या भरवशावर राहिला तर पहिला कार्यक्रम हुकतोच. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे दिवाळीच्या किंवा नाताळच्या तारखा पाहुण्यांना त्याच्याही आधी कळल्या पाहिजेत. रात्री पायवाटेने जायचं असेल तर हातात बॅटरी आणि पायात बूट सक्तीचे. आपल्याकडे फुरशी, म्हणजे विषारी साप, आहेत, हे आडवळणाने न सांगता स्पष्ट सांगावं आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे ते दारावर लिहून ठेवावं.

पितृपक्षात काही मंडळी खरेदी टाळतात, विक्री मंदावते. तो पंधरवडा तालमीला आणि साफसफाईला द्या. नवरात्र लागलं की चित्रकथी आणि बाहुल्यांचे खेळ करणारे ठाकर समाजाचे कलाकार देवळांतल्या परंपरेच्या खेळांत गुंततात. पाहुण्यांना केंद्रात बोलवण्यापेक्षा त्या वेळी देवळातच नेणं बरं, पण मानकऱ्यांना आधी विचारून, आणि तिथे आपला बॅनर न लावता.

दिवाळीच्या आकाशकंदिलांसाठी बांबू पक्का हवा. इथला माणगा बांबू भरीव आणि सरळ, पण कोवळा घेतला तर महिन्याभरात भुंगा लागतो आणि पिठासारखा भुसा गळायला लागतो. तोडलेले बांबू काही दिवस व्हाळाच्या वाहत्या पाण्यात ठेवून मग कामट्या काढायच्या. कामट्या आधीच तासून, कडा घासून ठेवा. शहरातल्या मुलांच्या बोटांत कुसळ गेलं की शिबिर तिथेच थांबतं.

खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि इथे यादी लांबते. शाळांच्या सहली एसटीने येतात, कारण शालेय सहलीला भाड्यात सवलत असते. एक गाडी म्हणजे चाळीस-पन्नास पोरं. त्यांचे तीन गट करायचे: एक लेथपाशी, एक मातीपाशी, एक बाहुल्यांपाशी, आणि अर्ध्या तासाने फिरवायचे. सगळ्यांना एकत्र बसवून भाषण करू नये. लेथपाशी हातभर अंतरावर दोरी बांधा. पांगाऱ्याच्या लाकडाचा ठोकळा गरगर फिरत असतो, कारागीर त्यावर लाखेची कांडी दाबतो, घर्षणाने लाख वितळते आणि लाल रंग एका दमात लाकडावर पसरतो. ते बघून प्रत्येक मूल हात पुढे करतं, हमखास. ओढण्या आणि मोकळे केस आधीच बांधायला लावा. मुलींचं स्वच्छतागृह, पाण्याचं पिंप आणि चपला ठेवायची जागा या तीन गोष्टी जिथे नीट असतात त्या केंद्रात शिक्षक पुढच्या वर्षी मुलं घेऊन पुन्हा येतात, कलेचा नंबर त्यानंतर लागतो.

बाहुल्यांबद्दल फोन आला की आधी विचारा, कुठल्या? पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून लोक 'बाहुल्या बघायच्यात' एवढंच सांगून येतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ दिवसा चालतो. चामड्याच्या बाहुल्यांना काळोख लागतो, पांढरा पडदा आणि मागे दिवा लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. म्हणजे तोच खेळ नाताळात साडेसहाला सुरू होईल आणि उन्हाळी सुटीत साडेसातच्या आत नाही. रात्रीची गाडी पकडणाऱ्या पाहुण्यांना हे गणित आधी सांगा. वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर नाहीतर तेलाच्या दिव्याची सोय असू द्या. दिव्यावर सावली थोडी हलते आणि जास्त देखणी दिसते, त्यामुळे वीज गेली म्हणून खेळ बंद करायचं काही कारण नाही. जुन्या पोथ्यांवर फ्लॅश मारू नये, ही सूचना दारावर नको, पोथी उघडणाऱ्यानेच तोंडाने सांगावी.

गंजिफाच्या मेजावर नियम सांगणारा माणूस हवाच. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकी बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या अवतारांत आकड्यांचा क्रम उलटा धरतात, आणि दिवसा खेळलं तर सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. एवढं समजायला पाहुण्यांना वीस मिनिटं लागतात, पण त्यानंतर ते उठत नाहीत. त्यासाठी छापील संच वेगळा ठेवावा. हाताने रंगवलेला संच घामट बोटांना देऊ नये.

जत्रांच्या तारखा वहीत स्वतंत्र लिहा. सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा, कुणकेश्वरची महाशिवरात्र, या पंचांगावरून कळतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा मात्र देवीचा कौल मिळाल्यावरच ठरते, त्यामुळे ती जाहीर होईपर्यंत फेब्रुवारी-मार्चमधल्या मोठ्या गटाला पक्का शब्द देऊ नका. जत्रा लागली की गाड्या, खोल्या, स्वयंपाकाच्या बायका, सगळं तिकडे जातं. जत्रेत दशावतारी नाटकाचा प्रयोग मध्यरात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतो, आणि तो बघून आलेला कारागीर सकाळी आठला उठणार नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम अकराला ठेवावा. पाहुण्यांनाही प्रयोग बघायला पाठवा, अंथरायला चटई आणि अंगावर घ्यायला चादर देऊन.

जेवणाची जबाबदारी बचत गटाकडे असेल तर आकडा दोन दिवस आधी आणि शाकाहारी किती, जैन किती हे वेगळं. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासे मागणारे पाहुणे असतात, त्यांना त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार आणि घावणे वाढावेत. कुणी तक्रार केलेली ऐकिवात नाही. सकाळी पेज ठेवा, पण शेजारी पोहेही.

पैशाचं थोडक्यात: मानधन आधी ठरवायचं, लिहायचं आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच संध्याकाळी द्यायचं. यूपीआयचा कोड ज्याच्या वस्तूचा त्याचा, केंद्राचा एकच सामाईक नको. पावसात नेटवर्क जातं, म्हणून गल्ल्यात सुट्टे. परदेशी पाहुणा मुक्कामी राहिला तर त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो. ते कोण भरणार त्याचं नाव वहीत हवं.

शिमग्यात केंद्र अर्धवेळ. रोंबाट (शिमग्याची मिरवणूक) निघतं, मांडावर (गावाच्या शिमग्याच्या जागी) जायचं असतं, गावातला कुणीही मोकळा नसतो. पाहुणे आले तर त्यांना मांडावर कुठे उभं राहायचं आणि काय करायचं नाही हे सांगायला गावातलाच एखादा जाणता भाऊ सोबत द्या.

एप्रिल-मे चाकरमान्यांच्या पोरांचे. सुटीतलं शिबिर सकाळी साडेदहापर्यंत आटोपावं, नंतर उकाड्यात कुणाचं लक्ष राहत नाही. काजू आणि आंब्याच्या हंगामात घरातल्या बायका दिवसभर कामात असतात, त्यामुळे जेवणाऐवजी कोकम सरबत आणि नाश्ता एवढंच ठरवणं शहाणपणाचं. विहिरीला पाणी कमी, म्हणून मातीकामाची शिबिरं या दिवसांत धरू नका, रंगकाम धरा. पांगाऱ्याच्या लाकडाची कोरी फळं आणून ठेवली की मुलं आंबे, केळी, मिरच्या रंगवत तासन् तास बसतात. लाखेची खेळणी विकताना प्रत्येकाला सांगायचं की बंद गाडीत काचेपाशी ठेवू नका. मुंबईला पोचेपर्यंत लाख मऊ होते आणि खेळण्याला वर्तमानपत्राची अक्षरं चिकटतात. मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून दिलं तर प्रश्न नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कौलं चाळून घ्यायची. माकडांनी फोडलेली बदलायची, पोथ्यांच्या पेटीवरची तर आधी. मजूर पेरणीला लागले की चढायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या कौलांवर कुणाला चढवू नये.