सासूबाईंची पिशवी आणि आभा खातं

सदाशिव पेठेतल्या आमच्या सासूबाईंचे सगळे रिपोर्ट चितळ्यांच्या एका पिशवीत असायचे. मागे ती पिशवीच रिक्षात राहिली. मिळाली नशिबाने, पण त्याच दिवशी ठरवलं, यांचं आभा खातं, म्हणजे रिपोर्ट मोबाईलवर ठेवायचं सरकारी आरोग्य खातं, काढायचं.

आधी आधारला कुठला मोबाईल जोडलाय ते बघा, कारण ओटीपी तिथेच येतो. आमच्याकडे निघाला सासऱ्यांच्या बंद पडलेल्या सिमचा नंबर! तो बदलायला आधार केंद्रात खेटे घातले. बाकी काम दहा मिनिटांचं. आभाच्या सरकारी अ‍ॅपवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की १४ आकडी क्रमांक मिळतो, फुकट. हे आयुष्मान कार्ड नव्हे बरं का. यावर उपचारांचे पैसे मिळत नाहीत.

जुने कागद आपोआप आत जात नाहीत, फोटो काढून चढवावे लागतात. मी फरशीवर पसरून दुपारच्या उजेडात काढले. ट्यूबलाइटखाली प्लास्टिकच्या फोल्डरवर अशी चकाकी येत होती की साखरेच्या रिपोर्टमधला सात चक्क एक दिसत होता. कागद फोल्डरमधून बाहेर काढाच. आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), ईसीजी, चालू गोळ्यांची चिठ्ठी आधी; २००९ चा सर्दीचा कागद राहू दे.

डॉक्टरांना नोंदी हव्या असतील तर मोबाईलवर संमती मागितली जाते. कुठल्या नोंदी, किती दिवस, ते नीट वाचून मगच हो म्हणा. सासूबाईंचा पिन मी त्यांच्याच डायरीत, किराण्याच्या हिशेबाखाली लिहिलाय.