भर हंगामात घर रिकामं? भाड्यानं देताना या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरं बदलणाऱ्यांची झुंबड उडते. शाळा-कॉलेजचं वर्ष संपलेलं असतं, बदल्यांच्या ऑर्डर निघालेल्या असतात, नव्या नोकरीवाले बॅगा घेऊन दाखल होतात. त्यामुळे घरमालकाला वाटतं, जाहिरात टाकायचा अवकाश, घर गेलंच! पण हाच मोसम जुने भाडेकरू सोडून जाण्याचाही असतो. घर शोधणारे वाढतात तशी रिकामी घरंही वाढतात आणि शोधणाऱ्याला निवडीला भरपूर वाव मिळतो. अशा दिवसांत घर महिना-दीड महिना पडून राहिलं, तर भाडेकरूंचा दुष्काळ हे कारण क्वचितच असतं. जुन्याने नोटीस दिल्यापासून नव्याच्या हाती किल्ली पडेपर्यंतचे दिवस मालकाकडूनच वाया गेलेले असतात.

घर रिकामं झाल्यावर हालचाल सुरू करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. करार संपायच्या दोन महिने आधी भाडेकरूला सरळ विचारा, राहणार की सोडणार? चांगला भाडेकरू राहत असेल तर थोडं पडतं घ्यायला हरकत नाही, कारण घर रिकामंच झालं नाही तर पुढची सगळी यातायात वाचते. सोडणार असेल तर त्याच आठवड्यात प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला घेऊन एक चक्कर मारा आणि कामांची यादी करा. हंगामात रंगारीसुद्धा लवकर मिळत नाहीत. भाडेकरू शनिवारी गेला आणि रंगाऱ्याची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली, तर अर्ध्या महिन्याचं भाडं तिथेच गेलं.

कामांचा क्रमही सांभाळा. आधी गळती आणि वायरिंग, मग रंग, मग सफाई, शेवटी फोटो. सफाई आधी उरकून मग ड्रिल मशीन चालवणारे मालक कमी नाहीत.

भाडेकरू राहत असतानाच घर दाखवायचं असेल तर त्याच्या सोयीच्या दोन वेळा ठरवून घ्या आणि त्या पाळा. अवेळी बेल वाजवून वैताग दिलात, तर पाहायला आलेल्यांसमोर तोच घराची गाऱ्हाणी सांगेल.

‘एवढं तर मिळायलाच हवं’

हंगाम आहे म्हणून भाडं चढं सांगायचा मोह होतो. मग हिशेब करून बघा. बाजारात चालणारं भाडं महिना १०० धरू. तुम्ही १०५ वर अडून बसलात आणि ते मिळालंही, तर वर्षभराच्या करारात जास्तीचे आले ६०. पण त्यापायी घर एक महिना जास्त रिकामं राहिलं असेल तर गेले १००. थोडक्यात, ५ टक्के वाढ म्हणजे फक्त १८ दिवसांचं भाडं. त्यापुढचा प्रत्येक दिवस तोट्याचा, आणि रिकाम्या घराचा देखभाल खर्च काही थांबत नाही.

चालू भाडं किती, हे ठरवताना जाहिरातींतले आकडे बघून भुलू नका. जी जाहिरात महिनाभर तिथेच आहे तिचा आकडा लोकांनी नाकारलेला आहे. आपल्यासारखी पाच-सहा घरं हेरून ठेवा आणि त्यातली कोणती आठवड्याभरात यादीतून उतरतात ते बघा. खरा भाव बहुतेक त्यांचाच.

कमी करायची वेळ आलीच तर लवकर करा. शाळा सुरू झाल्या की कुटुंबवाल्यांची शोधाशोध एकदम ओसरते, तेव्हाची सूट फारशी कामाला येत नाही. आणि भाडं उतरवण्याआधी पहिल्या १५ दिवसांचं भाडं माफ करण्याचा विचार करा. वर्षाच्या हिशेबात ती सूट ४ टक्क्यांच्या आसपासच जाते, पण करारात आकडा पूर्ण राहतो आणि पुढच्या वाढीचा पाया खाली येत नाही.

जाहिरात

भाड्याच्या जागी ‘फोन करा’ लिहिणं बंद करा. गरजू माणूस फोन न करता पुढच्या जाहिरातीकडे जातो. भाडं, डिपॉझिट, देखभाल खर्च त्यात धरला आहे की वेगळा, मजला, लिफ्ट, पार्किंग, ताबा कधीपासून, पाळीव प्राणी चालतील का, एवढं आलं की निम्मे निरर्थक फोन वाचतात. फोटो दिवसा, पडदे उघडून आणि मोबाईलची लेन्स पुसून काढा. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून, मोबाईल आडवा धरून. पहिला फोटो सगळ्यात उजेडाच्या खोलीचा असू द्या, इमारतीच्या गेटचा नको. खोली ताणून मोठी दाखवणारी वाइड लेन्स टाळाच. प्रत्यक्ष पाहताना माणसाचा चेहरा उतरतो आणि मग घरातलं बाकी सगळंही त्याला लहान वाटू लागतं.

बंद घराचा वास

ही गोष्ट कोणी सांगत नाही, पण दार उघडल्या क्षणी बरेच ग्राहक यानेच हातचे जातात. बाथरूमच्या जाळीखाली आणि बेसिनच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी साठून राहतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. घर बंद असलं की उन्हाळ्यात ते पाणी लवकर सुकतं आणि दुर्गंधी थेट खोलीत येते. मालक फिनेल ओततो, अत्तराचे फवारे मारतो. ग्राहकाच्या मनात मात्र ‘ड्रेनेजचा लोचा आहे’ हे पक्कं बसतं. उपाय फुकटाचा आहे. दर आठवड्याला प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्याभर पाणी ओता, कमोड एकदा फ्लश करा. फार दिवस जाता येणार नसेल तर जाळीतल्या पाण्यावर चमचाभर खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

फ्रिज बंद ठेवला असेल तर दार किलकिलं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते. एसीची जाळी धुवून घ्या. ती तुंबली की हवा कमी लागते आणि आतल्या कॉइलवर बर्फसुद्धा धरू शकतो. दाखवायच्या तासभर आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा. तापलेल्या घरात माणूस दोन मिनिटांत पाहणी आटोपतो.

घोडं कुठे अडलंय?

घर जात नाही म्हणून सरसकट भाडं कमी करण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा. जाहिरात कोणी उघडूनच बघत नसेल, तर दोष पहिल्या फोटोत किंवा आकड्यात आहे. बघतात पण फोन येत नाहीत, तर जाहिरातीत काहीतरी महत्त्वाचं राहिलंय, बहुधा ताब्याची तारीख किंवा डिपॉझिट. फोन येतात पण माणसं येत नाहीत, तेव्हा तुमच्या उत्तराचा वेग तपासा. घर शोधणारा एकाच वेळी चार-पाच ठिकाणी मेसेज टाकतो आणि ज्याचं उत्तर आधी येतं तिथे आधी जातो. ठरलेलं उत्तर लिहून तयार ठेवा, शेवटी दोन वेळा द्या आणि ‘यातली कोणती जमेल?’ विचारा. ‘या कधीही’ म्हटलं की कोणी येत नाही.

येतात, बघतात आणि गप्प होतात? मग घरातच काहीतरी खुपतंय. दुसऱ्या दिवशी फोन करून कारण विचारा. तिघांनी एकच कारण सांगितलं तर ते दुरुस्त करायचं. आणि होकार देऊन जे गळतात ते बहुतेक तुमच्या कागदपत्रांच्या दिरंगाईने गळतात. कराराचा मसुदा, सामानाची यादी, मीटरच्या नोंदी, सगळं आधीच तयार हवं.

घाईत कोणालाही किल्ली देणं

इथे मात्र घाई नको. ओळखपत्र, उत्पन्नाचा पुरावा आणि आधीच्या मालकाला फोन, यातलं काही वगळू नका. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून भाडं जास्त होत असेल तर हप्ते रखडण्याची शक्यता वाढते, हा ढोबळ ठोकताळा. फोन सध्याच्या मालकाला करालच, पण त्याच्या आधीच्या मालकालाही करा. सध्याच्याला पीडा टाळायची असेल तर तो तोंड भरून कौतुक करणार. निकष सगळ्यांना एकच लावा. डिपॉझिट खात्यात येईपर्यंत जाहिरात उतरवू नका आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला खरं काय ते सांगून ठेवा.

करार करताना शेवटची तारीख डोळे झाकून बारा महिन्यांची टाकू नका. यंदा घर हंगाम उलटल्यावर गेलं, तर पुढच्या वर्षीही ते त्याच मंदीत रिकामं होणार. नियमांत बसत असेल आणि भाडेकरूला चालत असेल तर करार नऊ-दहा महिन्यांचा करा, म्हणजे तो परीक्षा संपण्याच्या सुमारास सुटेल.