रोजच्या प्रवासासाठी आणि सहकुटुंब फेरीसाठी हायब्रिड सायकल कशी निवडावी

रोड सायकलची मोठी चाके आणि माउंटन सायकलचे सरळ हँडल एकत्र आले की हायब्रिड सायकल तयार होते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. ती नेमकी कोणती घ्यावी, या प्रश्नावर मात्र दुकानात आणि ओळखीपाळखीत जो सल्ला मिळतो, तो बहुधा गिअरची संख्या, डिस्क ब्रेक आणि पुढचे सस्पेन्शन, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के शोषणारी रचना, यांपलीकडे जात नाही. या तिन्ही गोष्टी माझ्या दृष्टीने दुय्यम आहेत. पुढील विवेचन पुण्यासारख्या शहराला धरून केले आहे : आठवड्यात कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढून बाणेरला कामावर जायचे आणि रविवारी मुलाला मागे बसवून पाषाण तलावापर्यंत किंवा खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचे, असा जिचा वापर होणार आहे, त्या सायकलीविषयी.

१. वापर आणि खर्च ठरवा

रोजचे अंतर, वाटेतले चढ, मूल मागे बसणार की स्वतःची सायकल चालवणार आणि सायकल रात्री कुठे ठेवायची, ही उत्तरे लिहून काढावीत. ठरवलेल्या रकमेचा साधारण पाचवा भाग हेल्मेट, कुलूप, दिवे, मडगार्ड आणि कॅरिअर यांसाठी बाजूला ठेवावा.

२. माप घ्या

सगळी निवड या टप्प्यावर अवलंबून असते आणि चुकीचा सल्लाही इथेच सर्वाधिक मिळतो. मला स्वतःला हा भाग समजायला बराच काळ लागला, कारण ज्याला विचारावे तो उंची विचारून मोकळा होत असे. उंचीवरून माप सांगणारे तक्ते हे केवळ प्राथमिक अंदाजासाठी असतात. सारख्या उंचीच्या दोन माणसांचे पाय आणि धड सारख्या लांबीचे असतातच असे नाही, आणि सायकल या दोहोंशी वेगवेगळ्या प्रकारे जोडलेली असते.

प्रथम पायाची आतली लांबी मोजावी. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे आणि जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सीटवर बसल्यासारखा दाब जाणवेल इतके वर दाबून धरावे. पुस्तकाची एक कडा भिंतीला लागलेली असावी, म्हणजे ते तिरके होत नाही. त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून दोन-तीनदा मोजून घ्यावे. या आकड्याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या, म्हणजे पायडल जोडलेल्या दांड्यांच्या, आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या एका व्यक्तीच्या पायाची आतली लांबी ७६ सेंटिमीटर असेल, तर तिची सीट साधारण ६७ सेंटिमीटरवर येईल. तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या व्यक्तीची लांबी ७२ असेल, तर सीट साडेत्रेसष्टवर येईल. शिवाय पहिलीचे धड त्या मानाने आखूड असल्यामुळे तिला हँडल जवळ हवे आणि दुसरीला थोडे लांब चालेल. उंचीच्या तक्त्यात मात्र या दोघींना एकच फ्रेम मिळते.

हे सूत्र काही अंतिम नाही. सीट त्या उंचीवर लावल्यावर टाच पायडलवर ठेवून पायडल तळाशी न्यावे. तेव्हा पाय सरळ व्हायला हवा आणि कंबर त्या बाजूला कलायला नको. नंतर चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप हलका बाक येतो. मूल मागे घेऊन गर्दीत चालवताना सीट एखाद-दीड सेंटिमीटर खाली घेणे मला योग्य वाटते, कारण थांबताना पायाची बोटे जमिनीला चटकन टेकतात. त्याहून खाली घेऊ नये. दोन्ही तळवे सपाट टेकतील इतक्या खालच्या सीटवर रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्यांचे गुडघे पुढे दुखू लागतात आणि दोष सायकलिंगला दिला जातो.

आता खरी अडचण. “सीट वर-खाली केली की कोणतीही सायकल कोणालाही बसते,” हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळते आणि ते निम्मेच खरे आहे. सीट वर-खाली केल्याने पायांचा प्रश्न सुटतो. हातांचा प्रश्न, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर, प्रामुख्याने फ्रेमच्या लांबीने ठरलेला असतो आणि फ्रेम घरी आणल्यावर ती लांबी बदलता येत नाही. दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहायचे आणि मध्ये तीन-चार सेंटिमीटर मोकळी जागा उरली की माप बरोबर, ही जुनी कसोटी आडव्या दांड्याच्या सायकलींसाठी उपयोगी होती. आजच्या हायब्रिड सायकलींचा दांडा मागे उतरता असतो, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फ्रेम या कसोटीत उत्तीर्ण होते.

म्हणून दुकानात जाताना मोजपट्टी न्यावी. हँडल ज्या नळीत फिरते तिच्या वरच्या टोकाच्या मध्यापासून सीटच्या खांबापर्यंत पट्टी जमिनीला समांतर धरावी आणि ते अंतर लिहून घ्यावे. दांडा उतरता असेल तर पट्टी दांड्यालगत तिरकी धरू नये, आकडा चुकतो. एका कंपनीचे मध्यम माप दुसऱ्या कंपनीच्या मध्यम मापाएवढे असेलच असे नाही, आणि इंचांत सांगितलेला आकडा बहुधा फक्त सीटच्या नळीची, म्हणजे सीटचा खांब फ्रेमच्या ज्या नळीत बसतो तिची, लांबी सांगतो. तुलना करायची तर ती या आडव्या अंतराची करावी.

त्यानंतर सीट आपल्या उंचीवर लावून घ्यावी आणि कमीत कमी दहा मिनिटे चालवून पाहावी. कोपरांना सैल बाक राहायला हवा. तळहातांवर शरीराचा भार पडतो आहे असे वाटू नये. मोकळ्या रस्त्यावर उजव्या खांद्यावरून मागे वळून पाहावे. हँडल दूर असेल तर मान वळताच खांदा वळतो, खांद्याबरोबर हात ओढला जातो आणि सायकल रस्त्याच्या मध्याकडे सरकते. पौड रस्त्यावर मागून बस येत असताना किंवा मागे राहिलेले आपले मूल कुठे आहे हे पाहताना ही सरक जिवावर बेतू शकते. ज्या सायकलीवर मागे पाहताना सरळ रेषा टिकत नाही, ती सायकल कितीही आवडली तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अंतर थोडेसे जास्त वाटत असेल तर हँडल धरणारा स्टेम बदलता येतो. ९० मिलिमीटरऐवजी ७० मिलिमीटरचा स्टेम लावल्यास पुष्कळ फरक पडतो आणि हा भाग महाग नसतो. तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक कमी करावे लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे असे समजावे, कारण त्याहून आखूड स्टेमने हँडल चंचल होते. सीट तिच्या खालच्या रुळावर पुढे सरकवून हँडल जवळ आणण्याचा सल्ला मात्र साफ नाकारावा. सीटचे पुढे-मागे असणे हे गुडघा आणि पायडल यांच्या नात्यासाठी आहे. हातांची सोय करण्यासाठी ते बिघडवले की दुखणे मनगटातून गुडघ्यात जाते.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान फ्रेम घ्यावी. सीटचा खांब वर काढता येतो आणि स्टेम लांब लावता येतो. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. धड लांब आणि पाय आखूड असणारे लोक याला अपवाद आहेत. एकच सायकल नवरा-बायको दोघे वापरणार असतील तर फ्रेम कमी उंचीच्या व्यक्तीच्या मापाने घ्यावी आणि दोघांच्या उंचीच्या खुणा सीटच्या खांबावर चिकटपट्टीने करून ठेवाव्यात. खांबावर कोरलेली मर्यादेची रेघ मात्र कधीही फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

मुलाच्या सायकलीलाही हाच नियम आहे. वाढत्या अंगाचा सदरा शिवावा तशी मोठी सायकल मुलाला घेऊन देणे धोक्याचे आहे. ब्रेकच्या दांडीपर्यंत ज्याची बोटे नीट पोहोचत नाहीत, त्याला आपण रस्त्यावर नेतो आहोत, याचे भान ठेवावे.

३. चिमटा आणि टायर

पुढचे सस्पेन्शन टाळावे आणि पुढचे चाक धरणारा साधा चिमटा घ्यावा. मध्यम किमतीच्या सायकलींवर येणारे सस्पेन्शन जड असते, चढावर उभे राहून पायडल मारताना ताकद खाते आणि काही पावसाळ्यांनंतर गंजून अडकते. खड्ड्यांचा त्रास कमी करण्याचे काम रुंद टायर अधिक चांगले करतात. टायरच्या बाजूवर ३७-६२२ असा आकडा असतो. पहिला रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्या रस्त्यांवर ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदी योग्य ठरते. २८ मिलिमीटरचे टायर काँक्रीटच्या जोडांत आणि पेव्हर ब्लॉकच्या फटींत अडकण्याची भीती असते. मडगार्ड बसवल्यावरही टायरभोवती जागा उरते का, हे पाहून घ्यावे. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. रोजच्या वापरात ही सोय मोठी आहे.

४. गिअर

एकवीस की चोवीस, हा प्रश्न सोडून द्यावा आणि फक्त सर्वांत हलका गिअर तपासावा. पुढच्या सर्वांत लहान चक्रावरचे दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरचे दाते मोजावेत. पुढे २८ आणि मागे २८ असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण दोन मीटर अठरा सेंटिमीटर पुढे जाते. मागे ३४ असतील तर एक मीटर ऐंशी सेंटिमीटर. चांदणी चौकाच्या चढावर, मागे मूल आणि पाण्याच्या बाटल्या असताना, हा फरक स्पष्ट जाणवतो. मागचे सर्वांत मोठे चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्रापेक्षा मोठे असावे, एवढा साधा नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

५. ब्रेक

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारे, डिस्क ब्रेक पावसात सर्वांत भरवशाचे असतात, पण कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला त्यांतले तेल बदलता येते का, हे आधी विचारावे. हलक्या प्रतीच्या तारेच्या डिस्क ब्रेकपेक्षा चांगले व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ब्रेक, मला केव्हाही पसंत आहेत.

६. मुलाला बसवण्याची तयारी

मागची बालआसने दोन प्रकारची असतात. एक कॅरिअरवर बसते, दुसरे सीटच्या नळीला पकडून दोन लवचीक सळयांवर तोलले जाते. दुसऱ्या प्रकारासाठी ती नळी गोल लागते. अनेक ॲल्युमिनियमच्या फ्रेमची नळी चपटी किंवा कोनयुक्त असते आणि मग आसन बसतच नाही. कॅरिअरवरचे आसन घ्यायचे असेल तर कॅरिअरवर कोरलेली भारमर्यादा वाचावी. ती २५ किलो असेल आणि आसन स्वतः चार किलोंचे असेल तर मुलासाठी एकवीसच उरतात. मागच्या आसनांची मुलाच्या वजनाची मर्यादा सहसा २२ किलो असते. फ्रेमवर मागच्या आसाजवळ कॅरिअर आणि मडगार्ड यांसाठी आटे असलेली छिद्रे आहेत का, हे वाकून पाहावे. काही डिस्क ब्रेकच्या सायकलींवर ब्रेकचा सांगाडा कॅरिअरच्या पायाच्या आड येतो आणि वेगळे कॅरिअर घ्यावे लागते.

मागे आसन लागले की मागून पाय फिरवून सायकलवर चढता येत नाही, पाय पुढून टाकावा लागतो, ही बाब खरेदीच्या वेळी फारशी कोणी सांगत नाही. त्यामुळे मुलाला नेण्याचे काम जी व्यक्ती अधिक करणार आहे, तिच्यासाठी खाली उतरलेल्या दांड्याची फ्रेम घ्यावी. अशा फ्रेमला लेडीज म्हणून नाकारणाऱ्या पुरुषांनीही हा विचार करावा. मुलाच्या पावलांना पट्टा आणि बाजूला आडोसा असलेलेच आसन घ्यावे, कारण आऱ्यांत पाय जाऊन होणारी दुखापत फार वाईट असते. ओढणी आणि साडीचा पदर यांसाठीही मागच्या चाकाला जाळी लावावी. दोन पायांचे मधले स्टँड बसवून घ्यावे, आणि तरीही मूल आसनात असताना सायकल स्टँडवर सोडून क्षणभरही दूर जाऊ नये. मूल आधाराशिवाय नीट बसत नाही आणि हेल्मेटसह मान सहज तोलत नाही, तोपर्यंत त्याला सायकलवर घेऊ नये. आपले रस्ते पाहता दीड वर्षाच्या आधी मी कोणालाही हा सल्ला देणार नाही.

७. खरेदीनंतर

पहिल्या महिन्यात गिअर आणि ब्रेकच्या तारा ताणल्या जातात आणि आरे थोडे सैल होतात, म्हणून तीन-चार आठवड्यांनी सायकल पुन्हा दुकानात नेऊन त्या कसून घ्याव्यात. त्याच वेळी स्टेमचे आणि बालआसनाचे सर्व बोल्ट तपासून घ्यावेत, आणि तोपर्यंत मनगट किंवा मान दुखत असेल तर सीटला हात न लावता स्टेम बदलण्याची मागणी करावी.